भावाचा कडता

बारामतीच्या मार्केट यार्डात माझा पेरूचा गाळा आहे. त्याआधी स्टँडबाहेर पाटी होती. चिरलेला पेरू, तिखट-मीठ आणि वर्तमानपत्राचा तुकडा. हे सांगते, कारण गाळा बघून लोकांना वाटतं की सासऱ्यांनी दिला असेल, नाहीतर बापानं. कुणी दिलेला नाही. नवऱ्याचा टेम्पो आणि माझं तोंड, एवढ्यावर तो उभा राहिला.

पेरू घेताना कडता धरायची रीत आहे. क्रेटमध्ये वर चांगली फळं असतात, खाली एखादं डागी, एखादं पिचकं. ती उलगडून बघायला वेळ कुणाला? म्हणून घेणारा वजनातून थोडं आधीच वजा धरतो. तो कडता. नियमात बसत नाही, पण चालतो. पाटीवर बसत होते तेव्हापासून मला त्याचा संताप आहे. गाळा घेतल्यावर मी ठरवलं की कडता द्यायचा नाही आणि धरायचाही नाही. क्रेट उपडं करायचं, फळ हातात घ्यायचं, जशी प्रत तसा भाव. त्यामुळे माझ्याशी सौदा करायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. एकदा इंदापूरकडचा एक बागायतदार वैतागून म्हणाला, "आक्का, तुमी बाईमाणूस हाय म्हणून ऐकून घेतोय."

"मग ऐकूनच घ्या," मी म्हटलं, "बोलताय कशाला?"

तरीही एका माणसाच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं कडता धरत आले. माझ्या धाकट्या भावाच्या.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या बाजूला. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आई रानात जायची, तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा. माझी कंबर त्यामुळेच एका अंगाला जरा वाकडी आहे असं आई हसून सांगायची. पोरगा गुणी होता. झाडाला हात लावला की झाड त्याचं ऐकायचं. आज आमच्या त्या रानात पेरूची जी बाग आहे, तिचं एकेक रोप त्यानं लावलंय. पण त्या रानावर माझं नाव नाही, आणि ते का नाही हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

वडील गेले त्या वर्षी आईनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "माहेरला येणं-जाणं ठेवायचं असंल तर हक्कसोड करून दे. सगळ्याच लेकी देत्यात." इंदापूरला कचेरीत गेलो. फोटो काढला, मशीनवर अंगठा ठेवला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "स्वखुशीनं करताय ना?" मी "व्हय" म्हटलं. घासाघीस न करता केलेला माझ्या आयुष्यातला तेवढा एकच सौदा. बाहेर आल्यावर भावानं भेळ खायला घातली आणि म्हणाला, "आक्का, कागदावर काय का असंना, निम्मं तुझंच हाय." मी तेव्हा भाड्याच्या एका खोलीत राहत होते आणि रोज उन्हात पाटीवर बसत होते. भेळ तिखट होती. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याचंच, असं मी त्याला सांगितलं.

तो राग गेला नाही. उगाच खोटं लिहायचं नाही.

भावाची दारू कधी सुरू झाली ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. आधी सोयऱ्याधायऱ्यांत. मग दिवसभर ट्रॅक्टरवर बसून अंग दुखतं म्हणून. मग अंग दुखायच्या आधीच. भावजयीचे फोन येऊ लागले तशी मी जायला लागले. तालुक्यात बागा बघायला माझं जाणं असायचंच, वाट वाकडी करून माहेरी उतरायचं, त्याला समोर बसवायचं आणि तोंड सोडायचं. तो खाली मान घालून ऐकायचा. माझा आवाज बसला की मी सौद्यावर यायची.

पहिला सौदा झाला तो असा, की रोजची नको, बाजारच्या दिवशी घे. तो मोडला. मग ठरलं, घरात नको, मळ्यात घे. तोही मोडला. मग, सांजच्याला घे, पण दिवसा नको. प्रत्येक वेळी तो माझ्या हातावर हात मारायचा आणि त्याच्या तळहाताचे घट्टे मला लागायचे, तेवढ्यानं माझं मन भरायचं. मला माझ्या अकलेचा गर्व होता. दोन्ही बाजू थोड्या थोड्या सरकल्या की मध्ये कुठंतरी जमतंच, हे मी जन्मभर बघितलेलं. इथं मात्र सरकत मी एकटीच होते.

आईनं तिच्या परीनं केलं. त्याला नरसिंहपूरला नेलं, आमचं कुलदैवत ते. संगमावर पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि शपथ घालून आणली. अमावस्येपर्यंतही ती टिकली नाही. आई म्हणाली, "देव बघंल." मी म्हटलं, "देवाला किती बघायला लावतीस? त्याला दुसरी कामं न्हाईत?" आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग एक दिवस तो पिकअपमधून माल घेऊन सकाळच्या लिलावाला यार्डात आला. गाडीतून उतरला आणि माझ्या गाळ्यासमोरच क्रेटवर आडवा झाला. माणसं गोळा झाली. मी पळत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाला आलं ते बोलले, "साखर कमी झाली त्याची."

शेजारच्या गाळ्यावरचे तात्या वाकून बघत म्हणाले, "चार कारखान्यांच्या मधी राहून ह्याचीच बरी साखर कमी झाली!"

सगळे हसले. मी तात्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. भावाला गाळ्यात बारदानावर झोपवलं, मालकांना, म्हणजे नवऱ्याला, टेम्पो घेऊन बोलावलं आणि घरी लावून दिलं. आणि मग ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. त्याचे क्रेट उपडे न करता माझ्या मालात मिसळले आणि माझ्या नावानं पुण्याला पाठवले. तिसऱ्या दिवशी माल परत आला. खालची फळं सगळी नासलेली. पुण्याचा व्यापारी फोनवर एवढंच म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

त्याच आठवड्यात भावजय आली. एकटी, एसटीनं, भर दुपारी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वन्सं, एक सांगू? रागवायचं न्हाय."

"रागवणारच. सांग."

"तुमी त्यांच्याशी घासाघीस करायचं सोडा."

"म्हणजे?"

"तुमी भाव करताय तवर त्यांना वाटतंय, सौदा अजून मोडला न्हाय. तुमी येता, वरडता, मग पदरात घेता. लोकांना सांगता साखर कमी झाली. तुमी गेलात की दोन दिवस नीट वागत्यात, आक्का खूश हाय म्हणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"मग काय, मरू देऊ त्याला?"

"मी मरू दिलं का?" ती म्हणाली. "रोज मी हाय तितं. पण आता त्यांनी केलेली घाण मी धूत न्हाय. उठल्यावर त्यांची त्यांनी धुवायची. कुणी विचारलं तर ताप आलाय म्हणून सांगत न्हाय. पोरांनापण सांगितलं, तुमच्या बापाला दारूचा आजार हाय, त्यात तुमची काय चूक न्हाय."

मी विचारलं, हे शहाणपण तुला कुणी शिकवलं? तर म्हणाली, वालचंदनगरला दर गुरुवारी एका शाळेच्या खोलीत माणसं जमतात. दारू सोडलेली, सोडू बघणारी, त्यांच्या घरची. ती चार महिने जात होती. सासूला सांगायची, माहेरच्या देवाचा गुरुवार धरलाय.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. लाकडी बाकं, फळ्यावर कुणा पोराची अर्धी पुसलेली बेरीज. एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. कंपनीत फिटर होते, क्वार्टरमध्येच आयुष्य गेलं, आणि त्यातली निम्मी वर्षं दारूत. मी माझ्या सवयीनं थेट विचारलं, "किती दिवसांत सुटंल ते एकदाच सांगा. मी तेवढी कळ काढते."

ते हसले. "ताई, तुमी बागा उक्त्या घेता म्हणं. एकदा बोलला की आख्खी बाग तुमची. हे काम उक्तं न्हाय. हे रोजंदारीचं हाय. त्यांनी आजची हजेरी लावायची, उद्याची उद्या. आणि तुमची हद्द तुमी आखायची. त्यांची आखायला जाऊ नका, ती तुमच्यानं व्हायची न्हाय."

परतीच्या गाडीत एक गोष्ट मनात आली आणि ती काही केल्या जाईना. मी भावाला सावरायला जात होते हे खरं. पण मी त्या रानाचीही राखण करत होते. त्यानं ते दारूत घालवलं असतं तर माझा तो अंगठा कशासाठी होता? आणि तो पडलेला असताना मी उभी असायची, ह्यात कुठंतरी मला गोड वाटत होतं. ज्याला सगळं दिलं त्याला धरायला शेवटी मलाच बोलवावं लागतं, हे आईनं बघावं असं वाटत होतं. हे भावजयीला सांगायची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी सकाळी सकाळीच मी रानात गेले. तो पेरूला फोम लावत होता. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर जाळी चढवतात, वर पिशवी. शुद्धीत होता. मी पण एका झाडाला हात घातला आणि काम करता करता सांगितलं, "पिऊन माझ्या दारात यायचं न्हाय. गाळ्यावर न्हाय, घरी न्हाय. न पिता कधीपण ये, ताट वाढीन. दवाखान्यात चल म्हणालास तर गाळा बंद करून येईन. पण पिऊन आलास तर दार उघडणार न्हाय."

तो हसला. "सणासुदीला तरी सूट?"

"सूट न्हाय."

"आक्का, थोडं तरी कमी-जास्त कर की."

"फिक्स भाव."

"तू? आणि फिक्स भाव?" असं म्हणून तो मोठ्यानं हसला, आणि मलाही हसू आलं. त्याला ते खरं वाटलं नव्हतं. मलाही फारसं वाटलं नव्हतं.

दिवाळी आली. आई पाडव्यालाच माझ्याकडे राहायला आली होती. भाऊबीजेला सकाळपासून मी स्वयंपाकाला लागले. त्याला आवडतं म्हणून शेंगदाण्याची आमटी केली. पाट मांडला, रांगोळी काढली, तबक भरून ठेवलं. जेवणाच्या वेळेला गावातल्या कुणीतरी त्याला मोटरसायकलवरून फाटकापाशी सोडलं. नवा पांढरा शर्ट. हातात पिशवी. दोन पायऱ्या चढताना त्यानं भिंत धरली तेव्हाच मला कळलं. वास नंतर आला.

मी ग्रिलचं दार ओढलं आणि कडी लावली.

"आक्का," तो म्हणाला, "भाऊबीज हाय."

"माहीत हाय."

"थोडीशीच घेतली. गावातल्या पोरांनी पाजली."

"मग उद्या ये. न घेता ये. उद्या ओवाळीन."

आतून आई आली. काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं अवदसे, आजच्या दिवशी भावाला दारातनं माघारी लावतीस? त्याचं आयुष्य तोडतीस? उघड ते दार!"

मी हललो नाही, असं पुरुष लिहितात. मी हलले. माझा हात कडीवर गेला. भाऊबीजेला न ओवाळलेल्या भावाचं काय होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात गरगरलं. आणि नेमकं तेव्हाच तो ग्रिलला डोकं टेकून म्हणाला, "आक्का, आज ओवाळ. सोमवारी इंदापूरला जाऊ. एक एकर तुझ्या नावावर करून देतो. आईच्या देखत सांगतो. कालव्याकडंचं एकर."

कालव्याकडचं एकर. त्यालाही माहीत होतं, मला कुठलं हवं होतं ते. त्या कचेरीतून बाहेर पडल्यापासून मी ह्या एका वाक्याची वाट बघत होते. हे कुणी न मागता बोलावं आणि आईनं ते ऐकावं, एवढंच मला हवं होतं. सौदा करणाऱ्या माणसाला कळतं, समोरच्यानं शेवटचा आकडा सांगितला की आता हात पुढं करायचा असतो.

मी म्हटलं, "हेच न पिता बोल. मग ऐकते."

तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं. शेजारच्या खिडकीत बायका आल्या. मी ग्रिलमधून पाण्याचा तांब्या दिला, तो त्यानं घेतला. मालकांनी टेम्पो काढला. आई माझ्या हातचं पाणीही न घेता त्याच्याबरोबर जाऊन बसली. जाताना माझ्याकडं बघून एकच म्हणाली, "तुझं काळीज यार्डात राहिलंय."

भरलेलं तबक मी देव्हाऱ्यापुढं ठेवलं. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली, तुम्ही गच्चीवर येताय का म्हणून. मी तिला फाडफाड बोलले. मला भाऊ होता.

गावात झालं, "पेरूवाल्या बाईनं जमिनीपायी भावाला हाकललं." जमीन देत होता आणि मी घेतली नाही, हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर कोण ऐकणार? भावजय तेवढी फोन करायची. तीही दोन वाक्यांचा. "आजपण घेतली. तुमी जेवलात का?"

थंडीच्या ऐन हंगामात, गाळ्यावर माल थप्पीला लागलेला असताना, त्याचा फोन आला. आवाज बारीक होता, पण साफ. "आक्का, प्यालो न्हाय. दोन दिवस झालं. पोटात दुखतंय, डोळं पिवळं झाल्यात. दवाखान्यात येशील?"

मी गाळ्याचं शटर ओढलं. गिऱ्हाईक ओरडत होतं, "आक्का, निम्मा माल तोललाय!" मी म्हटलं, निम्मा तसाच ठेवा.

बारामतीच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. दिवसा मी, आणि रात्री भावजय मला मोकळं करायला यायची. त्याचे हात एवढे थरथरायचे की पेजेची वाटी धरता यायची नाही. मी भरवायला गेले तर त्यानं मान फिरवली. मग मी नुसता वाटीच्या बुडाला हात लावून बसायची, आणि तो पीत राहायचा. अर्धी अंगावर सांडायची, पण प्यायची त्यानंच.

एकदा म्हणाला, "त्या दिवशी तुझा लई राग आला होता."

"येऊ दे. मला तर रोज येतो."

"माझा?"

"तुझा, आईचा, तात्यांचा. रांग हाय."

तो हसला आणि त्याला खोकला आला. मी रोज वाट बघत होते, हा आता तरी त्या एकराचं काढेल. काढलं नाही. तेव्हा तो काय बोलला होता हे त्याला आठवत नसेल, किंवा आठवत असेल आणि तो शुद्धीत असेल. मीही विचारलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून सौदा करायचा नाही, एवढं मला कळतं. पण तो राग माझ्याजवळ आहे तसाच आहे, आणि त्याला दारूचं औषध लागू पडणार नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर तो स्वतः गुरुवारच्या खोलीत जायला लागला. कधी सलग दोन महिने, कधी मध्ये एखादा खड्डा. आई माझ्याशी हळूहळू बोलायला लागली, आधी भावजयीमार्फत, मग सरळ.

ह्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. मुलीचा मामा बैठकीला हवाच, त्याशिवाय बोलणी होत नाहीत. त्यालाच पुढं बसवायचं असं मी ठरवलं होतं. आठवड्यापासून तो फोन करून विचारत होता, पांढरी टोपी घालू का बोडकाच येऊ. त्या दिवशी सकाळी घरात पोह्यांची फोडणी चाललेली आणि फोन वाजला.

"आक्का, काल घेतली मी. वास हाय अजून. येत न्हाय."

माझ्या तोंडावर शिवी आली होती. आजचा दिवस? आजचाच दिवस मिळाला तुला? पण तो न येता फोन करत होता. माझ्या दाराची अट तो मला सांगत होता, मला सांगावी लागली नव्हती.

"जेवलास का काही?" मी विचारलं.

"न्हाय."

"जेव. दुपारी बायकोला सांग, फिटरकाकांना फोन लाव म्हणून. आजची हजेरी लाव."

"पाव्हण्यांना काय सांगशील?"

"बघते मी."

"आक्का, खरंच सांग," तो म्हणाला. "तुझं खोटं पचत न्हाय तुला." आणि फोन ठेवला.

पाहुणे बसले. पाणी झालं, चौकशा झाल्या. मुलाचे वडील इकडंतिकडं बघत म्हणाले, "मामा दिसत न्हाईत?"

मुलगी पोह्यांचं ताट घेऊन दाराशी आली होती, ती तिथंच थांबली. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "त्याला दारूचा आजार आहे. औषधपाणी चालू आहे, सुटत आलीय, पण काल घेतली. म्हणून आज येत नाही, असं त्यानं आपणहूनच कळवलं."

मुलाची आई हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. मुलाच्या वडिलांनी दारातल्या मुलीकडं बघितलं आणि म्हणाले, "ये बाळा, आत ये. पोहं गार व्हायलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमीपण बसा आक्का. उभ्या का?"

मी बसले.